संसाराचा ताळेबंद आणि स्मिता पाटील

व्यापारी घरात वाद उत्पन्न झाला म्हणजे वडीलधारी माणसे बैठकीवर बसतात आणि दोन्ही बाजू ऐकून घेतात. कोणी किती घातले, कोणी किती उचलले, कोणाचे येणे कोणाकडे राहिले, हे तोंडी का होईना मांडले जाते आणि मग निवाडा होतो. भागीदारीच्या वादात ही रीत बहुधा चालून जाते. नवराबायकोच्या वादातही पुष्कळदा तीच वापरली जाते आणि तेथे ती किती तोकडी पडते, याचा अनुभव बहुतेक कुटुंबांनी एकदा तरी घेतलेला असतो. डॉ. जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’ या १९८२ साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटाची कथा अशा एखाद्या बैठकीपुढे ठेवून पाहावी.

नवरा नावाजलेला वकील. हात उगारणारा नाही, घरखर्चाला कमी पडू देणारा नाही. सासू सुशिक्षित, स्वतः समाजकार्यात वावरणारी. घरात एक जाऊ आहे, ती प्रेमळ आहे. पदरात लहान मुलगी. अशा घरची सून समाजकार्याची पदवी घेते, दूर गावच्या महिलाश्रमात अधीक्षिकेची नोकरी पत्करते आणि मुलीला जावेच्या हवाली करून निघून जाते. नोकरी टिकत नाही. राजीनामा देऊन ती परत येते, तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते. मग ती पुन्हा घर सोडते, या वेळी नोकरीचे निमित्तही नसताना. या हकिकतीवर कोणतीही बैठक काय म्हणेल, हे सांगायला नको. काय कमी होते हिला? पोरीचा तरी विचार करायचा! नवऱ्याचे चुकलेच, पण त्याला एकटे टाकून गेले कोण?

कागदावर ताळेबंद असा सुलभा महाजनच्या विरुद्ध जातो. आणि तरीही चित्रपट संपतो तेव्हा, मनातून तिला दोष देत बसलेला प्रेक्षकदेखील तिच्या बाजूला येऊन उभा राहिलेला असतो. त्याने मत बदलले असे नव्हे. मुलीविषयीची त्याची हळहळ तशीच असते. पण या बाईला तेथे राहता आले नसते, हे त्याला कळून चुकलेले असते, आणि ते कळले कोठून, हे मात्र त्याला नेमके सांगता येत नाही. तसा खटकेबाज संवाद आठवत नाही, भाषण आठवत नाही, छळाचा प्रसंग तर नाहीच. आठवतो तो स्मिता पाटील यांचा चेहरा.

या चित्रपटाशी सोलापूरचे नाते आहे ते दिग्दर्शकाच्या द्वारे. जब्बार पटेल यांचा जन्म १९४२ सालचा, पंढरपूरचा. वडील रेल्वेच्या नोकरीत. शिक्षण सोलापुरात, हरिभाई देवकरण प्रशालेत. ज्या व्यापारी घराण्याचे नाव या शाळेला आहे, ते या मासिकाच्या वाचकांना निराळे सांगायला नको. प्रा. श्रीराम पुजारी यांच्या घरी या मुलाला आश्रय मिळाला आणि त्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्या गायक, लेखक, कलावंतांच्या सहवासात त्याचे कान आणि डोळे घडले. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा एकाच पेठेत ऐकू येणाऱ्या या गावात, माणूस काय बोलतो यापेक्षा कसा बोलतो याकडे लक्ष जाणे साहजिक असावे. पुढे ते पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले आणि दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून त्यांनी व्यवसाय केला. बालरोगतज्ज्ञाचा रोगी बोलून दाखवत नाही. त्याचे दुखणे चेहऱ्यावरून ओळखावे लागते. ‘घाशीराम कोतवाल’सारखे मोठ्या मेळ्याचे नाटक बसवणाऱ्या या दिग्दर्शकाने ‘उंबरठा’मध्ये कॅमेरा इतका वेळ एका चेहऱ्यावर थांबवण्याचे धैर्य केले, त्याचे मूळ या व्यवसायातही असू शकेल.

शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे. पटकथा विजय तेंडुलकर यांची, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे. हिंदीतही तो ‘सुबह’ या नावाने निघाला. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. सुलभेच्या भूमिकेत स्मिता पाटील, तिचा पती सुभाष महाजन याच्या भूमिकेत गिरीश कर्नाड आणि जाऊ माया हिच्या भूमिकेत आशालता. सुलभेचा बराच काळ जातो तो संगमवाडीच्या महिलाश्रमात. तेथला भ्रष्ट कारभार, समितीच्या सभा, आश्रमातील स्त्रियांवर डोळा ठेवणारा आमदार, दोन स्त्रियांचा जळून झालेला अंत आणि त्यानंतरची चौकशी, या सर्वांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. सोलापूरकरांना तर पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहा यांच्यासारख्या कर्तृत्ववान स्त्रीने उभे केलेले श्राविकाश्रमाचे काम डोळ्यांसमोर आहे. स्त्रियांची संस्था मायेने आणि शिस्तीने कशी चालू शकते हे पाहिलेल्यांना संगमवाडीचा तो आश्रम अधिकच बोचतो. परंतु या चित्रपटाचा कणा आश्रम नसून महाजनांचा संसार आहे, आणि तो कणा उभा आहे दोन नटांच्या बळावर.

गिरीश कर्नाड यांच्याविषयी आधी बोलले पाहिजे, कारण प्रशंसेच्या वाटपात त्यांचा वाटा नेहमी कमी पडतो. सुभाष हा खलनायक करणे अगदी सोपे होते. आवाज थोडा चढवला, नजरेत थोडी जरब आणली, की प्रेक्षकाने त्याचा तिरस्कार केला असता आणि सुलभेचे काम हलके झाले असते. कर्नाड यांनी ते टाळले. त्यांचा सुभाष सुसंस्कृत आहे, समजूतदार आहे, पत्नीवर त्याचे प्रेमही आहे. ती नोकरीचा विषय काढते तेव्हा तो ऐकून घेतो. पण कसा? दिवसभर अशिलांचे ऐकून आलेला वकील जसा आणखी एका अशिलाचे ऐकतो, तसा. तो नाही म्हणत नाही. तिचे म्हणणे त्याला थोडे गंमतीचे वाटते, थोडे हट्टाचे वाटते आणि काही दिवसांनी ते आपोआप विरून जाईल, असा विश्वास त्याच्या साऱ्या वागण्यात असतो. या सौजन्याच्या भिंतीवर डोके आपटून घेण्याचीही सोय नसते. उघड विरोध करणाऱ्या माणसाशी भांडता येते, पण जो प्रेमाने दुर्लक्ष करतो त्याच्याविरुद्ध तक्रार कोणाकडे आणि कोणत्या शब्दांत करायची? सुभाषला पाहताना सभागृहातील अनेक सज्जन गृहस्थ अस्वस्थ होत असतील, तर ते याच कारणाने. त्यात त्यांना आपलीच छबी दिसते.

कर्नाड आणि स्मिता पाटील ही जोडी त्यापूर्वी श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’मध्ये १९७६ साली दिसली होती. तेथे दूध सहकारी संस्था उभी करायला आलेला शहरी डॉक्टर आणि गावातील दलित स्त्री बिंदू यांच्यातले न बोललेले आकर्षण दोघांनी केवळ नजरेने उभे केले होते. ‘उंबरठा’त तीच दोन माणसे नवराबायको आहेत, दोघांच्यामध्ये काही वर्षांचा संसार आहे, आणि येथे न बोललेले जे आहे ते आकर्षणाच्या नेमके उलट आहे. दोघांना एकमेकांचे सर्व शब्द आधीच ठाऊक झालेले आहेत.

आता सुलभा. स्मिता पाटील यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५चा, पुण्याचा. चित्रपटात येण्यापूर्वी त्या मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देत असत, हे जुन्या प्रेक्षकांना आठवत असेल. बातमी देणाऱ्याला एक शिस्त पाळावी लागते. बातमी पुराची असो की समारंभाची, चेहऱ्याने त्यावर भाष्य करायचे नाही. डोळे समोर, आवाज स्थिर. ‘उंबरठा’तील अभिनयात ही शिस्त कामी आली असे म्हणण्यास जागा आहे. सुलभेच्या चेहऱ्यावर भावना उमटते ती उशिरा, आणि उमटल्यावरही पूर्ण बाहेर येत नाही. समोरचा बोलत असतो, ती ऐकत असते. ऐकता ऐकता एखाद्या शब्दावर पापणी किंचित लवते, खालचा ओठ आत घेतला जातो, मान हलायची ती हलत नाही. आपल्याला जे म्हणायचे आहे ते या माणसापर्यंत पोहोचणार नाही, हे तिला वाक्य सुरू करण्याआधीच कळते, आणि ती ते वाक्य गिळून टाकते. नाटकात बोलणाऱ्या पात्राकडे लक्ष जाते. येथे लक्ष जाते ते न बोलणाऱ्या पात्राकडे. अभिनय म्हणजे बोलणे, हा आपल्याकडील जुना समज या भूमिकेने जितका खोटा पाडला, तितका फार थोड्या भूमिकांनी पाडला असेल.

रूप बदलण्याची हौस त्यात नाही. सुती साडी, जवळजवळ नसल्यासारखी रंगभूषा, चालण्यात कामावर निघालेल्या बाईची लगबग. घरातली सुलभा आणि आश्रमातली सुलभा यांच्या देहबोलीत मात्र लक्षात येण्यासारखा फरक आहे. घरी ती उभी असते तेव्हा आपण कोणाच्या वाटेत तर येत नाही ना, अशी काळजी तिच्या खांद्यांत असते. महाजनांचे घर प्रशस्त असूनही. आश्रमात कारभार हाती घेतल्यावर तिचे खांदे मोकळे होतात आणि पावलाला जोर येतो. संवादाच्या मदतीशिवाय हे घडते. एका बाईला काम मिळाले म्हणजे तिच्या देहात काय बदल होतो, हे ज्याने स्वतःच्या घरात पाहिले असेल त्याला तो क्षण चुकणार नाही.

आणि त्याच आश्रमात रात्र होते. दिवसभराच्या कामानंतरच्या त्या एकटेपणासाठी सुरेश भट यांची गझल आणि लता मंगेशकर यांचा आवाज चित्रपटाने योजला आहे. ते गाणे महाराष्ट्राने इतके ऐकले आहे, की ते कोठे आणि कशासाठी आले होते याचा अनेकांना विसर पडला आहे. गाणे सुलभेच्या तोंडी दिलेले नाही. ती ओठ हलवत नाही, नुसती असते. घर सोडून आलेल्या बाईला घर आठवते, नवरा आठवतो, मूल आठवते, आणि आठवले म्हणून आपला निर्णय चुकला असे तिला वाटत नाही. ओढ खरी आहे आणि निर्णयही खरा आहे. या दोन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यावर एकाच वेळी राहू शकतात, हे शब्दांत लिहायला गेले तर विसंगत वाटते. स्मिता पाटील यांच्या चेहऱ्यावर ते विसंगत वाटत नाही.

जाऊबाई माया हिच्याकडे समीक्षकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या वाचकांनी मात्र ते जरूर द्यावे. तिला मूल नाही. सुलभा निघून जाते आणि राणी मायेच्या अंगावर वाढू लागते. आशालता यांनी ही माया कपटी केली नाही आणि त्यागमूर्तीही केली नाही. तिला आनंद झालेला आहे आणि त्या आनंदाची तिला थोडी लाज वाटते, एवढेच. मुलगी जसजशी तिची होत जाते, तसतसे सुलभेचे परतणे अवघड होत जाते. यात अन्याय कोणी कोणावर केला? जाऊ-जावेत मुले अशी वाढलेली शेकडो घरे सोलापुरात असतील. त्या घरांतील थोरल्या जावेच्या मनात काय चालते, हे कोणी विचारत नाही. आशालता यांनी ते थोडक्यात दाखवले आहे.

मग तो शेवटचा भाग येतो. सुलभा राजीनामा देऊन घरी परतली आहे. थकलेली आहे, हरलेली आहे, आणि आता घर आपल्याला पोटाशी घेईल अशी तिची अपेक्षा आहे. घर तिला बाहेर काढत नाही. तिची खोली आहे, तिचा मान आहे, समाजात ती सौ. महाजनच आहे. फक्त तिच्या अनुपस्थितीत आपल्या आयुष्यात दुसरी स्त्री आली, हे सुभाष तिला सांगतो. तो खोटे बोलत नाही, ही त्याची सभ्यता. कर्नाड हा प्रसंग एखादी अडचणीची पण तोडगा निघण्याजोगी बाब अशिलापुढे ठेवावी तसा करतात. त्याच्या बोलण्यात अपराधाचे ओझे नाही, उद्दामपणाही नाही. तू नव्हतीस, माणसाला गरजा असतात, आता तू आली आहेस, हे समजून घे, असा त्याचा एकंदर आशय. त्याच्या हिशेबाने हे बरोबरही आहे. तिने काही घेतले, त्याने काही घेतले, वही जुळली.

या वेळी स्मिता पाटील काय करतात? एखाद्या दुसऱ्या अभिनेत्रीने येथे आकांत केला असता आणि प्रेक्षकांनी टाळ्याही दिल्या असत्या. सुलभा प्रथम ऐकते. हे आपणच ऐकतो आहोत ना, अशा भावाने ऐकते. नंतर जे दिसते त्याला राग म्हणता येत नाही, दुःखही पुरते म्हणता येत नाही. ती नवऱ्याकडे पाहते, आणि त्या पाहण्यात ओळख पटल्याचा भाव असतो. इतकी वर्षे जो सौजन्यपूर्ण माणूस समोर होता, तो आपल्याला नेमका काय समजत होता, याचा उलगडा तिला त्या क्षणी होतो. तिचे तेथले राहणे त्याच क्षणी संपते. घर सोडणे ही त्यानंतरची केवळ कार्यवाही. कादंबरी या ठिकाणी दोन पाने लिहील, वकील चार मुद्दे मांडील, बैठक उजाडेपर्यंत चालेल. स्मिता पाटील यांना काही क्षण पुरतात. पहिल्या परिच्छेदातील तो ताळेबंद फिरतो तो येथे. जी बाब कोणत्याच रकान्यात धरलेली नव्हती, ती येथे प्रथम दिसते. त्या घरात सुलभेला सर्व काही होते, फक्त तिचे म्हणणे खरे धरणारे कोणी नव्हते.

योगायोग असा, की त्याच १९८२ साली महेश भट्ट यांचा ‘अर्थ’ हा हिंदी चित्रपट आला, त्यातही नवरा, बायको आणि दुसरी स्त्री होती, आणि ती दुसरी स्त्री होत्या स्मिता पाटील. तेथे पत्नी पूजा झाल्या होत्या शबाना आझमी. भर मेजवानीत, मद्याच्या अमलाखाली पूजा नवऱ्याला आणि त्या स्त्रीला सर्वांदेखत सुनावते, तो प्रसंग ज्यांनी पाहिला ते विसरलेले नाहीत. त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. मोठा अभिनय मूकच असला पाहिजे असा काही नियम नाही, हे त्या प्रसंगावरून कळते. पूजा जे बोलते ते तिने तोवर कधी उच्चारलेले नसते, म्हणून त्या आकांताला वजन येते. स्मिता पाटील यांची कविता मात्र अपराधाच्या जाणिवेने आतून पोखरत जाते आणि मनाचा तोल घालवून बसते. एकाच वर्षात, फसवल्या गेलेल्या पत्नीचे आणि दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या स्त्रीचे, अशी दोन्ही दुःखे एकाच अभिनेत्रीने तितक्याच सचोटीने मांडली. दोन पक्षकारांची वकीलपत्रे एकाच वकिलाने घेणे न्यायालयात चालत नाही. अभिनयात ते चालते, आणि चालले तर त्याहून मोठी परीक्षा नाही.

‘अर्थ’च्या शेवटी नवरा परत येतो आणि पुन्हा स्वीकारशील का, असे विचारतो. हेच मी केले असते तर तू मला स्वीकारले असतेस का, असे पूजा विचारते, आणि तो प्रामाणिकपणे नाही म्हणतो. व्यापाऱ्याला ही गोष्ट चटकन समजते. द्यायचे माप आणि घ्यायचे माप निराळे ठेवणाऱ्या दुकानाला बाजारात काय म्हणतात, हे टिळक चौकातल्या पोरालाही ठाऊक असते.

नवऱ्याच्या बाजूचे दुःख मराठी चित्रपटाने पाहिले नाही असे नाही. त्यासाठी बरेच मागे, १९३७ सालच्या प्रभातच्या ‘कुंकू’पर्यंत जावे लागेल. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर व्ही. शांताराम यांनी काढलेला हा चित्रपट. म्हाताऱ्या विधुर वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा, ती शांता आपटे यांनी साकारली. तिची धग आजही कमी झालेली नाही. पण पाहणाऱ्याला अनपेक्षितपणे गाठतात ते काकासाहेबांच्या भूमिकेतील केशवराव दाते. तरुण पत्नी आपल्याला पती मानत नाही, हे कळल्यावर आरशासमोर बसून केसांचा पांढरेपणा झाकू पाहणारा तो म्हातारा आधी हास्यास्पद वाटतो, मग केविलवाणा, आणि शेवटी स्वतःचा अन्याय ओळखून तिला या लग्नातून मोकळे करण्यासाठी जीव देणारा माणूस म्हणून तो प्रेक्षकाचा आदर मिळवतो. पार्श्वसंगीताचा आधार न घेता, केवळ भोवतालच्या आवाजांवर हा चित्रपट उभा केला होता. अशा वेळी नटाला लपायला जागा नसते. दाते हे रंगभूमीवर गाजलेले नट, तरीही कॅमेऱ्यासमोर त्यांनी आवाज आणि हातवारे किती आवरते घेतले आहेत! जब्बार पटेल रंगभूमीवरूनच चित्रपटाकडे आले, तेव्हा या परंपरेशी त्यांचे नाते जोडणे फार ओढूनताणून होणार नाही. काकासाहेबांना पंचेचाळीस वर्षांपूर्वी आपली चूक दिसली होती. उच्चशिक्षित सुभाषला ती दिसत नाही. हाही एक ताळेबंद आहे.

स्मिता पाटील यांनी ‘भूमिका’त १९७७ साली संसाराची आणखी एक तऱ्हा दाखवली होती. हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावर आधारलेल्या त्या चित्रपटात पत्नीच्या कमाईवर जगणारा आणि तिच्यावरच संशय घेणारा नवरा अमोल पालेकर यांनी केला होता. पडद्यावरील त्यांच्या नेहमीच्या सरळ, लाघवी प्रतिमेला छेद देणारी ती भूमिका. त्या कामाबद्दल स्मिता पाटील यांना पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परदेशी उदाहरण द्यायचे तर स्वीडनच्या इंगमार बर्गमन यांची १९७३ सालची ‘सीन्स फ्रॉम अ मॅरेज’ ही दूरचित्रवाणी मालिका घ्यावी. तिच्या सहा भागांत बहुतेक वेळ दोनच माणसे, लिव्ह उलमन आणि एरलँड जोसेफसन, खोलीत बसून बोलत असतात. भाषा कळत नसली तरी तिसऱ्या भागात नवरा आपण दुसरीकडे जात असल्याचे सांगतो तेव्हा उलमन यांच्या चेहऱ्याकडे पाहावे. ते घर स्वीडनमधले आहे हे विसरायला होते.

‘उंबरठा’ला चार दशके उलटून गेली. सोलापुरातील व्यापारी घरांत आज पदवीधर, पदव्युत्तर सुना आहेत. जीएसटीची विवरणे भरणाऱ्या, दुकानाचे सगळे हिशेब संगणकावर ठेवणाऱ्या, आणि व्यवसायाच्या कागदपत्रांवर कोठेही नाव नसणाऱ्या. त्यांना कोणी त्रास देत नाही. दुपारी त्यांचे मत विचारले जाते आणि संध्याकाळी निर्णय बैठकीवर होतो. अशा घरात हा चित्रपट सर्वांनी एकत्र बसून पाहावा, सासू-सासरे, मुलगा-सून, थोरली जाऊ, सर्वांनी. चित्रपट पाहून सुना घरे सोडतील ही भीती १९८२ सालीही व्यर्थ होती. पाहताना एखाद्या प्रसंगी खोलीत शांतता पसरते आणि कोणीतरी उगाच पाणी प्यायला उठते, तेवढ्याकडे मात्र लक्ष असावे.

स्मिता पाटील १३ डिसेंबर १९८६ रोजी गेल्या. वय अवघे एकतीस, आणि पुत्रजन्माला जेमतेम दोन आठवडे झालेले. सुलभा मात्र अजून त्या गाडीत बसलेली आहे. चित्रपटाचा शेवट तेथे होतो. बाहेर मुलूख मागे सरकतो आहे. चेहरा रडवेला नाही, विजयीही नाही. राणी घरी आहे, मायेपाशी. तिच्याबाबत दिग्दर्शकाने काहीच निकाल दिलेला नाही, आणि त्या चेहऱ्याकडे पाहिले की तो सुलभेनेही अजून दिलेला नाही, एवढे दिसते.